चालण्या-पळण्याच्या वाटांवर खरे अंतर रंगवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर शहरात जिथे जिथे लोक पहाटे चालायला आणि पळायला येतात, त्या प्रत्येक वाटेवर टेपने मोजलेले खरे अंतर दर १०० मीटरला रंगवून ठेवावे, एवढी एकच मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी लहान आहे आणि तिला फारसा पैसाही लागत नाही. पण ती का करावीशी वाटली हे सांगायला थोडी जागा लागेल, ती आपण द्याल अशी आशा आहे.

मी भूकरमापक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. शेतांच्या हद्दी मोजण्यात, खुणा रोवण्यात आणि मोजणीचे नकाशे करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. काळ्या रानातून दिवसाला सात-आठ किलोमीटर चालणे तेव्हा सहज व्हायचे आणि त्याचा हिशेब ठेवावा असे कधी मनातही आले नाही. शेवटची काही वर्षे मात्र टेबलापाशी गेली, निवृत्तीनंतर उरलेसुरले चालणेही संपले, आणि बघता बघता वजन ८७ किलोंवर आणि कंबरेचा घेर १०२ सेंटीमीटरवर गेला. आपल्याकडच्या पुरुषांच्या कंबरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा, असे डॉक्टर सांगतात. गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी केली, तिचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, असे मला समजावून सांगण्यात आले. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी आणि रक्तदाब पाहून घेतला आणि मग म्हणाले, ‘‘आधी चाला, मग हळूहळू पळायला लागा, आणि रोज किती अंतर झाले ते वहीत लिहून ठेवा.’’ अंतर लिहून ठेवणे हा तर माझा धंदाच होता, त्यामुळे तो सल्ला मला मनापासून पटला.

पहिल्या दिवशी मात्र बहुतेक नवशिक्यांच्या हातून होते तीच चूक माझ्याही हातून झाली. शाळेत असताना पळायचो तसाच जोरात सुटलो आणि विजेचे तीन खांब मागे पडायच्या आत धाप लागून कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. दुसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट सावकाश पळायचे, दोन मिनिटे चालायचे, असे दहा वेळा करू लागलो. पळताना शेजारच्याशी एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला असे समजावे, ही साधी कसोटी मला एका अनुभवी धावपटूने सांगितली आणि ती आजतागायत उपयोगी पडते आहे. मुलीने फोनवर अंतर मोजणारे ॲप घालून दिले होते. घराजवळच्या बागेतील गोल रस्त्यावर मी पळायचो, फोन खिशात असायचा, आणि घरी आल्यावर त्यातला आकडा वहीत उतरायचा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात फोनवर ४ किलोमीटर पुरे झाल्याशिवाय मी घरी परतत नसे. एके दिवशी सकाळी उठून पाय जमिनीवर टेकला तेव्हा उजव्या नडगीच्या आतल्या कडेला कळ आली. बोटाने दाबले तर घोट्याच्या वर वीतभर अंतरापर्यंत हाडाची कड दुखत होती. नव्याने पळणाऱ्यांना हे दुखणे फार वेळा होते. पळताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. श्वास आणि हृदय काही आठवड्यांत सरावतात. हाडे आणि स्नायूबंध यांना मात्र काही महिने लागतात, आणि मधल्या काळात अंतर घाईने वाढवले की नडगी तक्रार करते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की अंतर अचानक वाढवलेत का. मी वही दाखवून सांगितले, अजिबात नाही, आठवड्याला थोडे थोडेच वाढवले आहे. तीन आठवडे विश्रांती घ्यावी लागली.

त्या रिकाम्या तीन आठवड्यांत मी जुनी ३० मीटरची पोलादी टेप काढली, शेजारच्या मुलाला दुसरे टोक धरायला घेतले आणि तो बागेतला रस्ता मोजला. मोजणीचा नियम असा, की एकदा जाताना मोजायचे आणि एकदा उलट येताना, आणि दोन्ही आकडे जुळले तरच कागदावर मांडायचे. आकडे जुळले. आतल्या कडेपासून एका हाताच्या अंतरावरून फेरी २१२ मीटर भरली. मी १५ फेऱ्या मारल्या की फोन २.८ किलोमीटर दाखवायचा. खरे अंतर ३,१८० मीटर होत होते. म्हणजे मी ज्याला ४ किलोमीटर समजत होतो, ते प्रत्यक्षात साडेचारच्या वर होते, आणि ‘थोडे थोडे’ वाढवलेले अंतर मुळात थोडे नव्हतेच. एवढ्या लहान गोलावर सतत एकाच बाजूला वळत पळणे हेही नडगीला बाधले असणार, हे मी मान्य करतो; पण आकडा खरा असता तर मी आधीच थांबलो असतो.

यात फोनला दोष देण्यात अर्थ नाही. उपग्रहांचे संकेत घेऊन फोन दर काही क्षणांनी आपली जागा ठरवतो, मोकळ्या आकाशाखालीसुद्धा त्यात साधारण ५ मीटरची चूक राहते, आणि मग तो हे बिंदू सरळ रेषांनी जोडतो. लांबच लांब सरळ रस्त्यावर ही पद्धत चांगली चालते. लहान गोल वाटेवर मात्र प्रत्येक वळण कापले जाते आणि अंतर कमी भरते. उलट उंच इमारतींच्या मधल्या बोळात किंवा दाट झाडीखाली बिंदू इकडेतिकडे उड्या मारतात आणि न पळता अंतर वाढते. मी एकदा फोन कठड्यावर ठेवून पाव तास शेजारी नुसता बसून राहिलो, तेवढ्यात त्याने काही मीटर ‘चालून’ दाखवले. मनगटावरचे पावले मोजणारे यंत्र पावलांची संख्या एका ठरावीक लांबीने गुणते, पण दमलेल्या माणसाचे पाऊल आखूड पडते आणि ताज्या माणसाचे लांब. दिवसाला १०,००० पावले हा सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडासुद्धा १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून पुढे पसरला. तो काही डॉक्टरांनी मोजूनमापून काढलेला आकडा नव्हता.

आता कोणी म्हणेल, एवढ्या-तेवढ्या फरकाने काय बिघडते, घाम आला म्हणजे झाले. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांमागून अडुसष्ट लिंगांच्या वाटेने निघालेला भाविक अंतर मोजत नाही आणि त्याने मोजूही नये. पण वजन उतरवण्यासाठी पळणाऱ्या माणसाचा सगळा हिशेब अंतरावरच उभा असतो, आणि हे फार कमी लोकांना कोणी नीट समजावून सांगते. पळताना साधारणपणे दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. वेग वाढवला तर तेवढेच अंतर लवकर संपते, पण त्या अंतराचा खर्च फारसा बदलत नाही. म्हणजे ८७ किलोंचा माणूस ३ किलोमीटर सावकाश पळाला काय आणि जोरात पळाला काय, खर्च होतो तो २६० किलोकॅलरींच्या आसपासच. तेच अंतर चालून गेल्यास खर्च त्याच्या साधारण निम्मा ते दोन तृतीयांश. नवशिक्याला यातून केवढा दिलासा मिळतो! त्याने तरुण मुलांच्या वेगाशी बरोबरी करायची गरजच नाही, त्याने फक्त अंतर पुरे करायचे आहे. आणि ते अंतरच खोटे निघाले, तर त्याच्या हातात काय उरले?

हाच हिशेब पुढे नेला की दुसरी गोष्टही स्पष्ट होते. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. माझ्या वजनाच्या माणसाने ती निव्वळ पळून जाळायची म्हटले तर जवळजवळ ९० किलोमीटर पळावे लागते. आठवड्याला ९ किलोमीटर पळणाऱ्याला त्यासाठी दहा आठवडे लागतील. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून पळणे सोडून देणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना हे साधे गणित कोणी आधी सांगितले असते तर त्यांनी सोडले नसते, अशी माझी खात्री आहे. पळून आल्या आल्या वजन करणारेही पुष्कळ आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, पहाटेही हवा पुरती निवत नाही, आणि तासाभराच्या पळण्यात अर्धा-एक लिटर घाम सहज जातो. एक लिटर घाम म्हणजे काट्यावर एक किलो कमी. दोन तांबे पाणी प्यायल्यावर तो किलो परत येतो, आणि तो परत आलाच पाहिजे. वजन करायचे तर आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याच्या आधी करावे.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो स्वतंत्र विषय आहे. पण आपल्या ताटातला एक पदार्थ सांगितल्याशिवाय राहवत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यावर माझे पोट पोसले आहे आणि ते मी सोडलेले नाही. मात्र शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर किलोकॅलरी असतात. दोन मोठे चमचे चटणी, म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम, यांत १७० किलोकॅलरी येतात आणि त्या माझ्यासाठी दोन किलोमीटरच्या बरोबरीच्या आहेत. दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा म्हणजे निव्वळ साखरेच्या २०० किलोकॅलरी, म्हणजे आणखी सव्वादोन किलोमीटर. मी चटणी एका चमच्यावर आणली आणि चहा दोन वेळांवर. नऊ महिन्यांत वजन ८० किलोंवर आणि कंबर ९४ सेंटीमीटरवर आली आहे, त्यातला मोठा वाटा ताटाचा आहे हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण पळण्याचे अंतर डोळ्यांसमोर नसते, तर चटणीचा दुसरा चमचा मला केवढ्याला पडतो हे कधी कळलेच नसते.

मी ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला बसलो, तो शहराच्या पूर्व भागातल्या एका बागेतला आहे. तिथे रस्त्याच्या कडेला ‘१ फेरी = ५०० मीटर’ असा फलक आहे. तिथे रोज पहाटे विड्या वळण्याचे काम करणारी एक बाई चालायला येते. साडीचा पदर खोचलेला, पायात मुलाचे जुने बूट. ती बागेच्या कठड्यावर सहा चिंचोके ओळीने मांडून ठेवते आणि फेरी पुरी झाली की त्यातला एक उचलून कमरेच्या पिशवीत टाकते. दिवसभर मांडी घालून बसायचे काम, गुडघे दुखतात, वजन वाढलेले, म्हणून दवाखान्यात तिला रोज तीन किलोमीटर चालायला सांगितलेले होते. सहा चिंचोके म्हणजे तीन किलोमीटर, असा तिचा हिशेब. चालण्याच्या अधेमधे ती आता थोडे पळूही लागली होती. मी टेप घेऊन तो रस्ता मोजत होतो तेव्हा तिने थांबून विचारले, ‘‘अण्णा, काय मोजायलात?’’ दोन्ही दिशांनी मोजून फेरी भरली ४२६ मीटर. तिला सांगितले, की सहा फेऱ्यांत तीन नव्हे, अडीच किलोमीटरच्या थोडे वर होतात. ती क्षणभर फलकाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘म्हंजे माझी एक फेरी रोज राहायलीच की हो.’’ दुसऱ्या दिवशी कठड्यावर सात चिंचोके होते.

त्या बाईकडे घड्याळ नाही, महागडा फोन नाही. तिने विश्वास ठेवला तो एका सार्वजनिक फलकावर. शेताच्या हद्दीचा दगड जेवढ्या जबाबदारीने रोवायचा असतो, तेवढ्याच जबाबदारीने असा फलकही लावायला हवा, असे मला वाटते. दगड हातभर सरकला तर भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो. इथे ७४ मीटर सरकले आहेत आणि कोणाला पत्ताही नाही. फलक कोणी लावला, केव्हा लावला, याच्या खोलात मला जायचे नाही. बहुधा कोणीतरी पावलांनी मोजून अंदाज केला असावा आणि आकडा पूर्ण करून लिहिला असावा. पण चुकीच्या फलकापेक्षा फलक नसलेला बरा, हे मात्र ठामपणे सांगावेसे वाटते.

नेमकी मोजणी कशी करायची, हे काही गुपित नाही. मोठ्या शर्यतींचे मार्ग जगभर सायकलवरून मोजले जातात. पोलादी टेपने किमान ३०० मीटरचा सरळ पट्टा काटेकोर मोजायचा, त्यावरून सायकल चालवून पुढच्या चाकाच्या नेमक्या किती फिरक्यांत तो पट्टा पुरा होतो ते पाहायचे, आणि मग त्या प्रमाणाने सगळा मार्ग मोजायचा, अशी ती पद्धत आहे. चाकाच्या फिरक्या मोजणारे त्यासाठीचे छोटे उपकरण १९७१ पासून वापरात आहे. धावपटू जिथून कमीत कमी अंतर कापू शकेल त्या रेषेवरून, वळणाच्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून मोजायचे, आणि मार्ग चुकूनही तोकडा पडू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरायचा, असा दंडक आहे. ४२.१९५ किलोमीटर हा मॅरेथॉनचा आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत सांगितला जातो तो या काटेकोरपणाच्या भरवशावर. आपल्याकडे होणाऱ्या हौशी शर्यतींबद्दलही यानिमित्ताने एक सुचवावेसे वाटते. मी ‘५ किलोमीटर’ म्हणून जाहीर झालेल्या एका शर्यतीत भाग घेतला होता आणि नंतर तोच मार्ग सायकलने मोजला, तो ४,६०० मीटरच्या आसपास भरला. माझ्याबरोबर धावलेली काही मुले आपला वेळ तीन मिनिटांनी सुधारला म्हणून आनंदात होती. त्यांचा आनंद हिरावून घ्यायला मला जड गेले, म्हणून तेव्हा मी गप्प बसलो. पुढच्या शर्यतींच्या आयोजकांनी मार्ग आधी मोजून घ्यावा, एवढेच म्हणतो.

बागेतल्या आणि मैदानातल्या वाटांसाठी तर सायकलचीही गरज नाही, टेप पुरेशी आहे. मात्र एक बारकावा पाळावा लागेल, आणि तो माझ्या व्यवसायातला असल्यामुळे थोडा थांबून सांगतो. कोणत्याही बंद गोल वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किती लांब असते, हे बाग केवढी आहे यावर अवलंबून नसते, ते फक्त वाटेच्या रुंदीवर ठरते. वाट अडीच मीटर रुंद असेल तर बाहेरून फेरी मारणारा दर फेरीला आतून फिरणाऱ्यापेक्षा सुमारे १५ मीटर ७० सेंटीमीटर जास्त चालतो, मग ती बाग अर्ध्या एकराची असो की दहा एकरांची. धावण्याच्या ४०० मीटरच्या पट्ट्यावरही फक्त सर्वांत आतली मार्गिका ४०० मीटरची असते आणि तिथून बाहेरची प्रत्येक मार्गिका साडेसात मीटरहून थोडी जास्त लांब होत जाते. म्हणून ‘फेरी अमुक मीटर’ एवढे लिहून भागत नाही. अंतर कोणत्या रेषेवरून मोजले ती रेषाच वाटेवर पांढऱ्या रंगाने आखली पाहिजे. उन्हाचे म्हणाल, तर दुपारच्या तापलेल्या हवेत ३० मीटरची पोलादी टेप सात-आठ मिलिमीटर वाढते. शेताच्या मोजणीत आम्ही तेही ध्यानात ठेवायचो. इथे किलोमीटरमागे त्याचा फरक वीतभरच पडेल, तरीही मोजणी पहाटे करावी, म्हणजे तेवढीही शंका राहणार नाही.

माझी महानगरपालिकेला विनंती अशी आहे. होम मैदान, पार्क मैदान, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, कंबर तलावाचा काठ आणि उपनगरांतील ज्या बागांत चालण्याची वाट आहे अशा सर्व ठिकाणी आरंभाची रेषा, दर १०० मीटरला ठळक आकडा आणि आतल्या कडेने मोजणीची रेषा रंगवावी. फलकावर फेरीचे अंतर पूर्ण मीटरमध्ये, जसे भरले तसे लिहावे. ४२६ असेल तर ४२६च लिहावे. मोजणी कोणत्या तारखेला झाली हेही खाली नोंदवावे, कारण वाटेवर फरशी बदलली, एखादे वळण सरळ केले, की अंतर बदलते आणि जुना आकडा तसाच राहतो. याशिवाय शहराच्या एखाद्या सपाट, कमी रहदारीच्या रस्त्यावर पहाटेसाठी एक सरळ किलोमीटर मोजून दोन्ही टोकांना खुणा कराव्यात. त्याने दोन कामे होतील: ज्यांच्याकडे फोन किंवा घड्याळ आहे त्यांना आपले यंत्र पडताळून पाहता येईल, आणि नडगी-गुडघ्याच्या त्रासामुळे ज्यांना सतत वळणे झेपत नाहीत त्यांना सरळ वाट मिळेल. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावर पळणाऱ्यांना दुसरीकडे जावे लागते. अशा वेळी दुसरीकडेही तशाच खुणा असतील, तर महिनाभर मोठ्या मेहनतीने सांभाळलेला नेम मोडणार नाही. नवशिक्याचा नेम एकदा मोडला की तो पुन्हा धरायला फार जड जाते, हे मी नडगीच्या दुखण्यात अनुभवले आहे.

खर्चाचा प्रश्न येईल, म्हणून सांगतो. दोन माणसे, एक टेप आणि एक पहाट एवढ्यात एक बाग मोजून होते. रंगाचे दोन डबे आणि आकड्यांचे पत्र्याचे साचे लागतात. स्मार्ट सिटी योजनेत निवडल्या गेलेल्या देशातल्या पहिल्या २० शहरांत २०१६ साली आपल्या सोलापूरचे नाव होते, याचा आपल्या सर्वांना अभिमान वाटला होता. अशा शहरात पहाटे चिंचोके मांडून फेऱ्या मोजणाऱ्या बाईला पायाखालचे अंतर तरी खरे मिळावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

या खुणा होईपर्यंत नव्याने पळायला लागणाऱ्यांनी काय करावे, असे मला बागेत बरेच जण विचारतात. त्यांना मी सांगतो, की पहिले सहा-आठ आठवडे अंतराच्या मागे न लागता वेळ मोजावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सुचवला आहे, त्या हिशेबाने एक दिवसाआड अर्धा तास चालत-पळत काढणे ही सुरुवात उत्तम आहे. उरलेल्या दिवशी नुसते चालावे, म्हणजे हाडांना सावरायला वेळ मिळतो. मोजायचेच असेल तर रोज एकाच वाटेने जावे. ती वाट नक्की किती लांब आहे हे ठाऊक नसले तरी ती कालच्याएवढीच आहे हे निश्चित असते, आणि कालच्याएवढ्याच वाटेला आज दोन मिनिटे कमी लागली किंवा धाप कमी लागली, तर तीच खरी प्रगती. चाळिशीच्या पुढच्यांनी, आणि रक्तदाब, साखर किंवा छातीचा काही त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळायला सुरुवात करू नये. पळताना छातीत दडपण आले, चक्कर आली, तर फेरी पुरी करण्याच्या नादी न लागता तिथेच बसावे. उन्हाळ्यात तर साडेसहाच्या आत घरी परतलेलेच बरे.

शेवटी एक विनंती आपल्या दैनिकालाही. आपले वार्ताहर शहरभर फिरत असतात. कोणत्या बागेत कोणता आकडा लिहिला आहे, याची त्यांनी पाहणी करून बातमी दिली तर हा विषय संबंधितांपर्यंत लवकर पोहोचेल. महानगरपालिकेने हे काम हाती घेतले, तर मोजणीसाठी मी कोणताही मोबदला न घेता यायला तयार आहे. टेप माझी आहे आणि ती तपासलेली आहे. दुसरे टोक धरायला एक माणूस द्यावा आणि कोणत्याही रविवारी पहाटे साडेपाचला बोलवावे. सुरुवात पूर्व भागातल्या त्या बागेपासून करावी, असे मनापासून वाटते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
जुळे सोलापूर, सोलापूर